मे महिन्याचं बिल

पदार्थविज्ञान विभागाचं वीजबिल माझ्या टेबलावर आलं
तेव्हा बाहेर शेहेचाळीस होतं
आणि बिलाचा आकडा पाहून
ते शेहेचाळीसही सावलीतलं वाटलं.

शेरा मारायची माझी जुनी खोड.
लिहिलं : प्रयोगशाळा क्रमांक चार.
संशोधनाचा विषय, अत्यल्प ऊर्जेवर चालणारी चुंबकीय गणकयंत्रे.
खर्च अत्यल्प दिसत नाही. खुलासा व्हावा.

खुलासा स्वतःच चालत आला.
डॉ. मोटघरे. डोकं-तोंड ओढणीत गुंडाळलेलं,
अमरावती रोडवर दुपारी गाडी चालवणाऱ्या
सगळ्या बायकांसारखे फक्त डोळे.
"चला, दाखवते."

चार नंबरच्या दारात हिवराज स्टुलावर.
"चपला बाहेर जी."
आत गारवा, आणि एक पंप
भांड्यातली हवा उपसत बसलेला, रात्रंदिवस,
विहीर आटली तरी मोट चालूच असल्यासारखा.

मॅडमनी टेबलावर होकायंत्रं मांडली,
इतवारीत डझनावर मिळतात तसली, पोरांची.
एकाची सुई वळवली, शेजारची वळली,
मग तिच्या शेजारची.
कुणी कुणाला शिवलं नाही. मधे तार नाही.
"आणि हे बघा, तीन बाजूंना तिघं.
मधली बहुमताकडे तोंड करते.
झालं गणित.
हेच इतकं बारीक करायचं
की केसाच्या रुंदीत शेकडो बसतील."

मला आमच्या सोसायटीची सभा आठवली.
तिथं एवढ्या कमी उष्णतेत काही ठरत नाही.

"मग बिल?"
"वळायला फार लागत नाही हो.
वळ म्हणून सांगायला लागतं.
त्यासाठी तारेत प्रवाह सोडा, तार तापते,
करणाऱ्यापेक्षा सांगणाऱ्याचाच खर्च जास्त."

हे मला नवीन नव्हतं.
एकतीस वर्षं झाली कचेरीत.

त्यांना ती तारच काढून टाकायची आहे.
चुंबकाखाली एक पापुद्रा, जरासा दाब विजेचा,
पापुद्रा ताणला की वरचा आपसूक कलेल.
अजून कधी कलतो, कधी नाही.
म्हणून पंप. म्हणून एसी. म्हणून मी.

"पण तळाशी एक खर्च आहे," त्या म्हणाल्या,
"तो कुणालाच चुकत नाही.
मोजण्याचा नव्हे, पुसण्याचा.
एक नोंद पुसली की तेवढी ऊब जगात सोडावीच लागते.
आणि भोवताल जितका तापलेला तितकी ती जास्त."
"म्हणजे नागपुरात विसरणं महाग?"
त्यांनी मनात हिशेब केला.
"डिसेंबरातल्या पहाटेपेक्षा मे महिन्यात
शेकडा बारा-तेरानं."

तेवढ्यात लाइट गेली.
पंप उसासा टाकून थांबला. पडदे काळे.
"गेली बाप्पा," दारातून हिवराज.
मॅडम काहीतरी बोलल्या, ते खुलाशात येत नाही.
सकाळपासूनचं जतन करायचं राहिलं होतं.

मोबाइलच्या उजेडात टेबल पाहिलं.
सुया जशा होत्या तशा.
विजेविना, आपापलं म्हणणं धरून.

महादुल्यात माझी मोठी बहीण राहते.
गच्चीवर पापड घालण्याआधी राख झटकते.
कोराडीच्या चिमण्या तिच्या स्वयंपाकघरातून मोजता येतात.
ती एकदा म्हणाली होती, तुमच्या ऑफिसात
इतके दिवे कोणासाठी जळतात रे?
मी तेव्हा हसून घालवलं होतं.

परत येऊन फाइल उघडली.
आमच्याकडे खोडरबर चालत नाही.
पांढरी शाई तर नाहीच नाही.
चुकलेल्यावर एक सरळ रेघ,
खालचं वाचता आलं पाहिजे,
बाजूला छोटी सही.
इतकी वर्षं वाटायचं
हा नियम लबाडी पकडण्यासाठी आहे.

"खुलासा व्हावा" वर रेघ ओढली.
सही केली, तारीख घातली.
कूलर बंदच होता, कागदावर घामाचा एक थेंब पडला,
शाई तिथं थोडी फुटली.
वाचता येतं अजून.